प्रायमार्क वेगळं होणार, मग एबीएफचा शेअर घ्यावा, ठेवावा की विकावा?

लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आयसा खात्यात (ब्रिटनमधलं करमुक्त गुंतवणुकीचं खातं) असोसिएटेड ब्रिटिश फूड्सचे, म्हणजे एबीएफचे, 400 शेअर आहेत. 2024 मध्ये सरासरी 24 पौंडांना घेतलेले. खात्यातल्या एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एका शेअरमध्ये आहे. 4 नोव्हेंबर 2025 ला कंपनीने वार्षिक निकालांसोबत जाहीर केलं की प्रायमार्क, म्हणजे तिची स्वस्त कपड्यांची दुकानं, आणि अन्नपदार्थांचा धंदा वेगळा करावा का, याचा संचालक मंडळ विचार करतं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये भाव 21-22 पौंडांच्या घरात होता; पुढे 'आज' म्हणतो तो हाच काळ. ताईंना ओळखीतून तीन मतं मिळाली. एक म्हणतो, विभाजन झालं की दडलेली किंमत बाहेर येईल, अजून घ्या. दुसरा म्हणतो, शीन (स्वस्त कपडे ऑनलाइन विकणारी चिनी मुळाची कंपनी) आणि व्हिंटेड (वापरलेले कपडे विकण्याचं ॲप) यांच्यामुळे प्रायमार्कचे दिवस भरले, विका. तिसरा म्हणतो, कंपनीचं मालक वेस्टन घराणं जपून धंदा करणारं आहे, लाभांश घेत स्वस्थ बसा. त्यात पुण्याचे त्यांचे भाऊ भारतातून पैसे पाठवून हाच शेअर घ्यायच्या विचारात आहेत.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ताई, सगळे विकू नका, नवे घेऊ नका, आणि तिसरा हिस्सा हे प्रमाण मात्र कमी करा. तुमच्या भावाने या भानगडीत पडू नये. मी वीसेक वर्षं मुंबईत आणि मग लंडनमध्ये ग्राहकोपयोगी कंपन्यांचा अभ्यास करण्याची नोकरी केली, आता स्वतःचे आणि घरच्यांचे पैसे सांभाळतो. माझ्याकडेही एबीएफचे थोडे शेअर आहेत, 2020 च्या वसंतात 19 पौंडांच्या आसपास घेतलेले. त्यामुळे माझं मत वाचताना हे लक्षात ठेवा.

हा शेअर समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दोन वर्षांची तुलना. 2015 च्या डिसेंबरात भाव 36 पौंडांच्या जवळ गेला होता. त्या आर्थिक वर्षी कंपनीची समायोजित मिळकत (एकवेळच्या बाबी वगळून) शेअरमागे 102 पेन्स होती. म्हणजे बाजार मिळकतीच्या 35 पट किंमत मोजत होता. सप्टेंबर 2025 ला संपलेल्या वर्षात मिळकत शेअरमागे 174.9 पेन्स झाली, म्हणजे सत्तर टक्के वाढली. आणि भाव? 21-22 पौंड. बारा पट. दहा वर्षांत धंद्याने जास्त कमावलं आणि शेअरधारकाचे पैसे तरीही घटले. 2022 च्या शरदात, पौंड कोसळला होता तेव्हा, भाव 13 पौंडांच्याही खाली गेला होता. मधल्या काळात साखरेचे भाव पडले, टाळेबंदी आली, डॉलर महागला, पण या सगळ्यांनी मिळकतीला दिलेले धक्के पुढे भरून निघाले. जे भरून निघालं नाही ते प्रायमार्कच्या भविष्याबद्दलचं बाजाराचं मत. 2015 मध्ये सगळ्यांना वाटत होतं की बोस्टनला पहिलं दुकान उघडलंय, आता अमेरिकाभर प्रायमार्क होणार. आज तेच लोक विचारतात की इंग्लंडमधल्या जुन्या दुकानांत गिऱ्हाईक का कमी झालं.

म्हणून मी म्हणतो की विभाजनाची बातमी मोठी असली तरी ती दुय्यम आहे. पैसा ठरणार आहे तो प्रायमार्कच्या जुन्या दुकानांतल्या विक्रीवर.

ज्यांनी कंपनी फक्त प्रायमार्कच्या पिशवीवरून ओळखली आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. गारफील्ड वेस्टन हा कॅनडाचा बेकरीवाला. त्याने 1935 मध्ये ब्रिटनमध्ये बेकऱ्या विकत घेऊन ही कंपनी उभी केली. पुढच्या पिढीत, 1969 मध्ये, डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवर पेनीज नावाचं स्वस्त कपड्यांचं दुकान निघालं. ते आर्थर रायन यांनी चालवलं. आयर्लंडबाहेर पेनीज हे नाव वापरता येईना, कारण ते अमेरिकेच्या जे. सी. पेनीकडे होतं, म्हणून बाकी जगात प्रायमार्क. पावाच्या कंपनीच्या पोटी कपड्याचं दुकान जन्मलं आणि आईपेक्षा मोठं झालं. आज एबीएफची उलाढाल 1,950 कोटी पौंडांच्या आसपास आहे, त्यातली 950 कोटींच्या जवळची एकट्या प्रायमार्कची. नफ्यात तर त्याचा वाटा अजून मोठा आहे.

बाकीच्या अर्ध्यात काय आहे हे तुमच्या स्वयंपाकघरात पाहिलं तरी कळेल. ट्वायनिंग्जचा चहा, ओव्हल्टिन, रायविटा, जॉर्डन्सचं म्युस्ली, किंग्समिलचा पाव, सिल्व्हर स्पूनची साखर, ब्लू ड्रॅगनचे सॉस, आणि 2007 पासून पटक्सची लोणची आणि मसाले. बेकरीवाल्यांना लागणारं यीस्ट एबी मौरी नावाखाली जगभर विकलं जातं. मग साखर आणि जनावरांचं खाद्य. चहा, यीस्ट, लोणची हा भाग मला मनापासून आवडतो. किराणा आणि यीस्ट वगैरे घटकपदार्थ मिळून वर्षाला 70 कोटी पौंडांच्या आसपास नफा देतात, फार आवाज न करता. पावाचा धंदा मात्र जुनं दुखणं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये किंग्समिलवाल्यांनी प्रतिस्पर्धी होव्हिस विकत घ्यायचा करार केला तो त्यावरचाच इलाज आहे. दोघांच्या भट्ट्या आणि गाड्या अर्ध्या रिकाम्या चालण्यापेक्षा एकाच्या भरून चालाव्यात, हा हिशेब. करार झाला तेव्हा स्पर्धा आयोगाची परवानगी मिळायची होती.

साखरेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे माझी स्वतःची मोठी चूक झाली होती.

मी ऊसपट्ट्यातला. घरी ऊस होता, कारखान्याची टोळी, तोडीची पाळी, उताऱ्यावरून होणारे वाद, पहिल्या हप्त्यासाठीची आंदोलनं हे सगळं पाहत वाढलो. साखरेचा भाव चढला की कारखाने श्रीमंत, उतरला की शेतकऱ्याची थकबाकी, हे चक्र शाळेत असल्यापासून माहीत. तरीही 2012 मध्ये एबीएफच्या साखर विभागाने 51 कोटी पौंड नफा दाखवला तेव्हा मी तो नफा कायमचा धरला आणि आठाच्या पटीने त्याची किंमत मांडली. दोन वर्षांत तो नफा 18.9 कोटींवर आला, 2015 मध्ये 4.3 कोटींवर. शिखरावरच्या नफ्याला पट लावायचा नसतो हे मला माझ्या गावातल्या कोणीही सांगितलं असतं. लंडनच्या कचेरीत बसून मी ते विसरलो, आणि ज्यांनी माझ्या शब्दावर विसंबून आकडे धरले त्यांना ते महागात पडलं.

ब्रिटनची साखर बीटाची. ब्रिटिश शुगर ही एबीएफची कंपनी देशातलं सगळं बीट गाळते. विसिंग्टन, बरी सेंट एडमंड्स, कँटली आणि न्यूआर्क असे चार कारखाने, सगळे इंग्लंडच्या पूर्व भागात. हंगाम आपल्यासारखाच शरदात सुरू होऊन हिवाळाभर चालतो. फरक दरात आहे. आपल्याकडे एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सरकार ठरवतं, तिथे शेतकऱ्यांची संघटना आणि कंपनी दर वर्षी बसून बीटाचा भाव ठरवतात, आणि तो ठरतो पेरणीच्या आधी. साखर विकली जाते त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. युरोपात भाव तेजीत असताना बीट महाग घ्यायचा करार झाला आणि साखर तयार होईपर्यंत भाव कोसळला, तर मधली सगळी तूट कारखान्याच्या अंगावर. 2024-25 मध्ये नेमकं हेच झालं. आदल्या वर्षीचा साखरेचा 19.9 कोटी पौंडांचा नफा या वर्षी पुसला गेला. 2017 मध्ये युरोपीय संघाने साखर उत्पादनावरचा कोटा उठवला तेव्हापासून हे झोके जास्त मोठे झाले आहेत. आफ्रिकेत इलोव्हो नावाने ऊस आणि साखर आहे, ती पूर्ण मालकीची 2016 पासून. तिथेही 2025 मध्ये आयात साखरेचा त्रास होता.

त्यात हल शहराजवळचा एबीएफच्या विवर्गोचा इथेनॉल कारखाना. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात 2025 मध्ये व्यापार करार झाला, त्यात 140 कोटी लिटर अमेरिकी इथेनॉलवरचा 19 टक्के कर उठला. त्या भावाला टिकणं शक्य नव्हतं. सरकारने मदत नाकारली आणि ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला, दीडशेहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. इथेनॉलचं गणित सरकारच्या एका सहीवर उभं असतं हे आपल्याकडच्या कारखानदारांना वेगळं सांगायला नको. मुद्दा असा की साखर विभागाला आज मी शून्य किंमत देतो. चांगलं वर्ष आलं तर बक्षीस समजायचं.

आता प्रायमार्क. हे दुकान पैसे कसे कमावतं ते नीट समजल्याशिवाय त्याच्या मरणाच्या बातम्या ऐकू नयेत. जाहिरातीवर नगण्य खर्च, माल प्रचंड संख्येने आणि आधीच नोंदवलेला, दुकानं मोठी, भाव इतके कमी की गिऱ्हाईक एक टी-शर्ट घ्यायला येतं आणि पिशवी भरून जातं. कपडे घरपोच पोचवण्याचा धंदा त्यांनी मुद्दाम टाळला. पाच-सहा पौंडांच्या वस्तूमागे निवडणं, बांधणं, पाठवणं आणि नको असल्यास परत घेणं हा खर्च बसवता येत नाही. ऑनलाइन मागवून दुकानातून नेण्याची सोय आता ग्रेट ब्रिटनभर केली आहे, पण शेवटचा टप्पा गिऱ्हाइकानेच चालायचा. या हट्टापायी मार्च 2020 मध्ये सगळी दुकानं बंद झाली तेव्हा महिन्याला 65 कोटी पौंडांची विक्री शून्यावर आली. तेव्हा अन्नाच्या धंद्याने घर चालवलं. दोन वेगळे धंदे एका छपराखाली का ठेवले, याचं सगळ्यात चांगलं उत्तर त्या तीन महिन्यांत मिळालं. विभाजनाचा उत्साह असलेल्यांनी ही आठवण जवळ ठेवावी. मी शेअर घेतले ते त्याच आठवड्यांत, कारण ताळेबंदात रोकड होती आणि चहा-साखरेची दुकानदारी थांबली नव्हती.

सप्टेंबर 2025 ला संपलेल्या वर्षात प्रायमार्कने एकूण विक्री जेमतेम एक टक्का वाढवली आणि विक्रीवरचा नफा 11.9 टक्के राखला. वरवर पाहता ठीक वाटतं. पण ती वाढ नव्या दुकानांतून आली. जुन्या दुकानांची विक्री दोन टक्क्यांहून थोडी जास्त घटली, आणि त्यात सगळ्यात मोठी बाजारपेठ असलेला ब्रिटन मागे आहे. नवं दुकान उघडायला भांडवल लागतं. जुन्या दुकानातली घट मात्र भाडं, पगार, वीज यांच्यासकट थेट नफ्यावर येते. एप्रिल 2025 पासून ब्रिटनमध्ये मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा 13.8 वरून 15 टक्क्यांवर गेला, त्याचाही भार हजारो दुकान-कर्मचाऱ्यांच्या कंपनीवर मोठा. तरीही 11.9 टक्के कसे टिकले? डॉलर स्वस्त झाला, आणि प्रायमार्क माल घेतं डॉलरमध्ये. 2022-23 मध्ये हेच उलट घडलं होतं, डॉलर महाग होता आणि नफ्याचं प्रमाण 8.2 टक्क्यांवर घसरलं होतं. म्हणून नफ्याचं प्रमाण पाहून मी खूश होत नाही. चलनाचा हात काढून घेतला तर आत काय उरतं ते जुन्या दुकानांची विक्री सांगते.

शीनबद्दल. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क नाही. प्रायमार्क तोच शर्ट कंटेनरने आणतं तेव्हा शुल्क भरतं. ही तफावत खरी आहे आणि अन्यायकारकही आहे. अमेरिकेने आपली अशी सवलत आधी चीनसाठी मे 2025 मध्ये आणि मग ऑगस्टअखेर सगळ्यांसाठी बंद केली. ब्रिटनच्या सरकारनेही 2025 मध्ये फेरविचार सुरू केला. सवलत गेली तर प्रायमार्कला फायदाच, पण त्या आशेवर मी पैसे लावणार नाही. व्हिंटेडची स्पर्धा मला जास्त गंभीर वाटते, कारण तिथे कपड्याचा भाव प्रायमार्कपेक्षाही खाली जातो आणि वर जुनं वापरल्याचं समाधान मिळतं. तरुण मुली शनिवारी दुकानात येण्याऐवजी फोनवर कपाटातले जुने कपडे विकत बसतात. यावर शुल्काचा इलाज चालत नाही.

दुकानात जाऊन पाहण्याची माझी सवय जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या हाय स्ट्रीटवरचं दुकान 2019 मध्ये उघडलं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं प्रायमार्क होतं, दीड लाख चौरस फुटांहून मोठं. तिथे किंवा तुमच्या लेस्टरच्या दुकानात शनिवारी दुपारी जा आणि अर्धा तास गल्ल्याच्या रांगेजवळ उभ्या राहा. लोकांच्या हातात जाळीची पिशवी भरलेली आहे की दोन वस्तू आहेत, हे पाहा. सवलतीच्या लाल चिठ्ठ्या किती स्टँडवर आहेत ते पाहा. माझ्या अलीकडच्या दोन-तीन फेऱ्यांत गर्दी होती, पण पिशव्या हलक्या होत्या. दोन-तीन फेऱ्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं, म्हणून तुम्हीही जा म्हणतो.

प्रायमार्कचं नेतृत्वही 2025 मध्ये बदललं. सोळा वर्षं प्रमुख असलेले पॉल मर्चंट यांनी मार्च 2025 अखेर राजीनामा दिला, वागणुकीबद्दलच्या तक्रारीच्या चौकशीनंतर. समूहाचे वित्तप्रमुख इऑन टोंज यांना तेव्हा तिथे हंगामी बसवलं. विभाजन होऊन वेगळी कंपनी बाजारात उतरवायची तर तिच्या खुर्चीवर कायमचा माणूस लागतो.

आता त्या दडलेल्या किमतीकडे येऊ. तुमचे परिचित जो हिशेब सांगतात तो मी तुमच्यासमोर मांडतो, आकडे गोल करून. प्रायमार्कचा परिचालन नफा (व्याज आणि कराआधीचा) 112 कोटी पौंड धरा. कर 25 टक्के वजा केला की 84 कोटी उरतात. त्याला 14 पट दिली तर 1,176 कोटी. किराणा आणि घटकपदार्थांचा 70 कोटींचा नफा, करानंतर 52.5 कोटी, 13 पटीने 682 कोटी. साखर आणि पशुखाद्य शून्य. इथपर्यंत सगळे करतात. मुख्यालयाचा खर्च मात्र बहुतेक जण विसरतात. तो वर्षाला 9-10 कोटींच्या जवळ आहे, आणि कंपनी दोन झाल्या की एका मुख्यालयाची दोन होतात, खर्च वाढतो. आजचाच आकडा धरून करानंतर 7.5 कोटी, त्याच 13 पटीने जवळजवळ 97 कोटी वजा. हाती आले 1,761 कोटी पौंड. बाजारात आज कंपनीची किंमत आहे साधारण 71 कोटी शेअर गुणिले साडेएकवीस, म्हणजे 1,530 कोटींच्या आसपास. फरक पंधरा टक्क्यांचा. दुकानांच्या भाड्याच्या कराराचं व्याज मी धरलेलं नाही, ते धरलं तर फरक आणखी आटतो.

आता एकच आकडा बदला. प्रायमार्कला 14 ऐवजी 11 पट द्या, जी जुन्या दुकानांची विक्री घटत असलेल्या कापडवाल्याला बाजार सहज देतो. 84 गुणिले 11 म्हणजे 924 कोटी. एकूण बेरीज 1,509 कोटी. दडलेली किंमत नाहीशी झाली, उलट आजचा भाव किंचित जास्त ठरला. म्हणजे विभाजनातून मिळणारा सगळा फायदा प्रायमार्कच्या पटीतल्या तीन आकड्यांत मावतो. वेगळं झाल्यावर प्रायमार्ककडे पाहणारे लोक चहा आणि यीस्टचा आडोसा न घेता थेट त्याच्या विक्रीकडे पाहतील. ती घटत असेल तर उजेड पडून भलं होणार नाही.

आयटीसीने 1 जानेवारी 2025 पासून हॉटेलं वेगळी केली ते भाऊंना आठवत असेल. दहा शेअरमागे एक नवा शेअर मिळाला आणि त्याच हिशेबाने जुन्याचा भाव खाली आला. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. तिथे निदान हॉटेलांच्या भांडवली खर्चाची तक्रार मिटली. एबीएफमध्ये प्रायमार्क स्वतःच्या कमाईतून स्वतःची दुकानं उघडतं, त्याला कोणी उपाशी ठेवलेलं नाही.

विभाजनवाले आणखी एक आशा दाखवतात की वेगळं झालेलं प्रायमार्क कोणीतरी मोठ्या किमतीला विकत घेईल. ही आशा मनातून काढून टाका. एबीएफचे बहुसंख्य शेअर विटिंग्टन इन्व्हेस्टमेंट्स या वेस्टन घराण्याच्या कंपनीकडे आहेत, आणि विचार जाहीर करतानाच सांगितलं गेलं की विभाजन झालं तरी दोन्ही कंपन्यांत बहुमत विटिंग्टनकडेच राहील. घराण्याने विकायचं ठरवलं नाही तर बाहेरचा कितीही बोली लावो. उलट गेल्या तीन-चार वर्षांत कंपनीने बायबॅक करून, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेऊन, 79 कोटींचे 71 कोटी शेअर केले, त्यात विटिंग्टनने आपले फारसे न विकल्यामुळे त्यांचा वाटा 55 वरून 59 टक्क्यांच्या आसपास चढला. तुमचं मत सभेत मोजलं जातं, पण निकाल आधीच ठरलेला असतो.

हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. विटिंग्टनचे जवळजवळ ऐंशी टक्के भाग गारफील्ड वेस्टन फाउंडेशन या धर्मादाय संस्थेचे आहेत. एबीएफचा लाभांश विटिंग्टनमार्गे तिथे जातो आणि पुढे शाळा, संग्रहालयं, रुग्णसेवा यांच्याकडे. म्हणजे सगळ्यात मोठ्या मालकाला तुमच्यासारखाच स्थिर लाभांश हवा असतो, रातोरात दुप्पट भाव नको असतो. 2020 मध्ये लाभांश बंद केला, ताळेबंद सावरला, पुरवठादारांचे आधी थांबवलेले पैसे द्यायला सुरुवात केली, आणि मग लाभांश परत सुरू केला. 2024 मध्ये विशेष लाभांश धरून 90 पेन्स दिले. 2025 मध्ये विशेष लाभांश नाही, साधा 63 पेन्स. आजच्या भावाला तो तीन टक्क्यांच्या आत बसतो. बांगलादेशातल्या राणा प्लाझा इमारतीत 2013 मध्ये प्रायमार्कचा पुरवठादारही होता, तेव्हा भरपाई द्यायला पुढे आलेल्यांत ही कंपनी पहिल्या काहींत होती. स्वस्त कपड्याच्या मागे काय असतं हा प्रश्न त्याने मिटत नाही आणि शेअर घेणाऱ्याने तो स्वतःला विचारावा, पण घराण्याचा स्वभाव त्यातून दिसतो. म्हणून तिसऱ्या मतातला अर्धा भाग मला मान्य आहे. स्वस्थ बसा यातला उरलेला अर्धा मान्य नाही, कारण सांभाळून चालणारी माणसंसुद्धा गिऱ्हाईक परत आणू शकतीलच असं नाही.

म्हणून सगळे विकू नका, कारण बारा पट हा भाव मंदी बरीच गृहीत धरून बसलाय. अन्नाचा भाग चांगला आहे, साखर तळाजवळ आहे आणि अमेरिकेतली दुकानं तिशी ओलांडून वीस टक्क्यांहून वेगाने विक्री वाढवत आहेत, जरी एकूण विक्रीत त्यांचा वाटा अजून लहान असला तरी. पण खात्याचा तिसरा हिस्सा एका अशा कंपनीत, जिच्या भवितव्यात तुमचा शब्द चालत नाही आणि जिची मुख्य दुकानं घटत्या विक्रीची आहेत, हे मला झोप न लागण्यासारखं वाटतं. आयसात विक्रीवर कर नाही, त्यामुळे कमी करायला खर्च फार नाही. मी तुमच्या जागी असतो तर 400 चे 150 वर आणले असते आणि उरलेले पैसे एखाद्या व्यापक निर्देशांक फंडात टाकले असते. 24 ला घेतले होते, ते परत आल्यावर विकू, असा विचार करू नका. तुम्ही कितीला घेतले हे त्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला माहीत नाही.

भाऊंबद्दल. पुण्यातून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण 10 लाख रुपयांच्या वर गेलं की गुंतवणुकीसाठी वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, तोवर पैसे अडकतात. ब्रिटनचे शेअर घेताना अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी. लाभांशावर ब्रिटनमध्ये कापणी नाही, पण तो भारतात त्यांच्या स्लॅबप्रमाणे करपात्र. दर वर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं, चुकलं तर मोठा दंड होऊ शकतो. त्यांचं म्हणणं असं की डीमार्ट शंभरीच्या आसपासच्या पटीला मिळतो आणि हा बाराला, म्हणजे स्वस्त. डीमार्टची दुकानं वाढत्या शहरांत उघडतात, प्रायमार्कची बहुतेक विक्री पगार रेंगाळलेल्या युरोपात होते. दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यांना युरोपातला धंदा हवाच असेल तर भारतात मिळणाऱ्या एखाद्या परदेशी निर्देशांकाच्या फंडातून घ्यावा, म्हणजे हा कागदांचा त्रास तरी टळेल.

पुढे काय पाहायचं तेही सांगतो. जानेवारीत नाताळच्या विक्रीचं निवेदन येतं आणि एप्रिलच्या शेवटाकडे सहामाही निकाल. दोन्हींत विभाजनाचा परिच्छेद सोडून आधी प्रायमार्कच्या पानावर जा आणि ब्रिटनची लाइक-फॉर-लाइक, म्हणजे जुन्या दुकानांची, विक्री शोधा. ओळीने दोन वेळा ती शून्याच्या वर आली तर तुमच्या जागी मी उरलेले 150 निर्धास्त ठेवीन आणि कदाचित थोडे वाढवीनही. नाताळासह ती पुन्हा खाली गेली तर मी माझेही कमी करणार आहे, विभाजन जाहीर झालेलं असो वा नसो.